पाणीवालीचा निळा डोळा

अहो, जरा थांबा, इकडे बघा! मी पाणीपुरवठा कचेरीच्या भिंतीवरच्या चित्रातली पाणीवाली बोलतेय. अठरा वर्षं रंगाखाली मूग गिळून बसले होते. आज एक डोळा उघडलाय, तर तोंडाला नुसती खळ नाही!

माझा जन्म फुटक्या कपबश्यांतून झाला. चित्रकार बाईंनी कचेरीतल्या सगळ्यांना सांगितलं, घरातलं फुटकं आणा. उत्साही मंडळींनी चांगले कपही फोडून आणले! फिटरभाऊंनी निळ्या कपाचा तुकडा दिला, नवराबायकोच्या भांडणात फुटलेला. बाईंनी त्याचाच माझा डावा डोळा केला. मग वहिनी रोज डबा द्यायला आल्या, की माझ्याकडे बोट दाखवून नवऱ्याला दटावायच्या, "माझं लक्ष आहे हं!"

पुढे इमारत रंगवायची ठरली. साहेबलोकांनी जागेवर न येता नकाशावरूनच मापं काढली आणि नकाशात माझ्या जागी कोरी भिंत. झालं! रंगारी बिचारा दोनदा विचारून आला, पण कागदापुढे कोणाचं चालतं?

आज सकाळी माझ्यामागचा पाइप फुटला. रंगाला फुगे आले, पोपडे गळले आणि माझा डोळा बाहेर! समोर फिटरभाऊच, छिन्नी-हातोडा घेऊन. केस पांढरे झालेत, पण मी लगेच ओळखलं. नवे इंजिनिअर साहेब नकाशा उघडून म्हणाले, इथे कोरीच भिंत आहे, फोडा. छिन्नी माझ्या भुवईला टेकली.

फिटरभाऊंनी हात खाली घेतला.

"साहेब, हा तुकडा आमच्या घरच्या कपाचा आहे. ती गेली गेल्या वर्षी. मी आतल्या खोलीतून फोडतो. कपाट तेवढं हलवावं लागेल."

साहेबांनी एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बाह्या सरसावून स्वतःच कपाटाला खांदा लावला. दुपारपर्यंत पाइप जोडून झाला. त्यानंतर त्यांनी पेन्सिल काढली आणि नकाशातल्या त्या कोऱ्या भिंतीवर मला काढलं. तिरळी काढलीय, पण चालेल! शेवटी कागदावर आले.

आता जुनी मंडळी आपापला कप शोधायला गोळा झालीत. तुम्हीही या. छिन्नी नको, ओलं फडकं आणा.

फिटरभाऊ माझा डोळा पुसतायत. हळूच विचारतात, "आहे ना गं लक्ष?"

आहे हो, आहे!