पाठीवरचा माणूस

मी एक जुनी, पिवळी कयाक आहे. कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची, एका माणसापुरती अरुंद होडी. माझ्या पोटात नुसती हवा. माणूस बसतो तो पाठीवर. म्हणून मित्रांनो, त्याचा धीर सुटला की सगळ्यांत आधी मला कळतं.

प्लॅस्टिक वितळवून मला साच्यात घडवलं. पुढे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतलं. दर सुट्टीला आम्ही मासे धरायला खोल पाण्यात जायचो. कधी जवळच देवमासा वर यायचा आणि मोठ्ठा श्वास सोडायचा. मग मालक वल्हं मांडीवर ठेवून बघत राहायचा. किती सुखाचे दिवस ते!

निघताना त्याची बायको किनाऱ्यावर एकेक वस्तू तपासायची.

"शिट्टी? जाकीट? सुरी?"

"तुझी जीभ असताना सुरी कशाला?"

"हसू नकोस. आणि मासे बाहेर लटकवू नकोस. रक्ताच्या वासाने शार्क येतात."

तो रिकाम्या हातांनी परतला की त्याचे सासरे मात्र चिडवायचे, "काय जावईबापू, आजही समुद्र बंद होता का?"

एके दिवशी गळाला प्रचंड मासा लागला. आता सासऱ्यांची बोलती बंद! पण मासा माझ्यावरच्या छोट्या बर्फाच्या पेटीत मावेना. "एवढ्याने काय होतंय," म्हणत त्याने तो दोरीने माझ्या कुशीला बांधला.

थोड्याच वेळात जोराचा हिसका बसला. माझ्याहून लांब शार्क तो मासा ओढत होता. मी कलंडले. मालकाने दोरी दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्याच्या टाचा माझ्या पाठीवर आधार शोधत होत्या. 'सोड रे बाबा!' मी मनात ओरडत होते. शेवटी त्याने सुरी काढून दोरी कापली. मी सरळ झाले.

घरी त्याने काही लपवलं नाही. बायकोने वल्हं उचलून माळ्यावर टाकलं. मी कित्येक महिने भिंतीशी उभी राहिले. अंगावर कोळ्यांनी जाळी विणली.

मग एका सकाळी बायकोनेच मला पुसलं. माझ्यावर झाकणाची लांब पेटी बसवली.

"याहून मोठा मिळाला तर?" त्याने हळूच विचारलं.

"फोटो काढ आणि सोडून दे."

"फोटो तळता येतो का?" सासरे म्हणाले. तेव्हा कुठे ती हसली.

मित्रांनो, माझा रंग उडालाय, पण मी अजून गळत नाही. मला सावलीत ठेवा, गोड्या पाण्याने धुवा. आणि समुद्रात कुणी ओढू लागलं, तर आधी दोरी सोडा, हिशेब मागून करा. किनाऱ्यावर कुणीतरी तुमची वाट बघत उभं असतं.