अकरावी सायन्सचा तास

कणकेचा गोळा लाकडी पट्टीच्या खालच्या टोकाला थापकन बसला, चिकटला आणि खिळ्याला टांगलेली पट्टी गोळ्यासकट झुलली. पण निकितानं गणितातून काढलेल्या उंचीच्या निम्म्यापर्यंतसुद्धा गेली नाही.

"सर, मंग ऊर्जा कुठं गेली?" तिनं विचारलं.

कुलदीप सर हरखले. मुरुमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना केस पांढरे झाले, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारणार कोण, कपाळ! अकरावी सायन्सच्या पटावर ऐंशी पोरं. निकिता सोडून सगळी लातूरला क्लासला, इथं नुसती नावाला. वडील पाठवत नाहीत म्हणून ही एकटी वर्गात यायची. तिच्यासाठी सर रोज तास घेत. आज तर बायकोकडून, दीपमालाकडून, कणीक मळून आणली होती. एक तरी पोरगी आपल्या हातून तयार व्हावी, एवढीच आस उरली होती त्यांना.

त्यांनी समजावलं, की धडकेत गोळा चेपतो, तापतो, तिथंच ऊर्जा खर्ची पडते. खिळाही पट्टीला धक्का देतो, म्हणून साधा संवेगही टिकत नाही. टिकतो तो खिळ्याभोवतीचा कोनीय, म्हणजे फिरण्याचा संवेग. त्यावरून धडकेनंतरचा वेग काढायचा, आणि पुढच्या झोक्यात मात्र ऊर्जा टिकते असं खुशाल धरायचं. निकितानं गणित पुन्हा मांडलं. उत्तर बरोबर आलं.

तेवढ्यात तिचे वडील गौरीशंकर दारात आले. मामाच्या ओळखीनं लातूरला क्लासात जागा मिळाली होती, उद्याच निघायचं होतं.

"सर, तुमचं लई कळतं मला," निकिता मान खाली घालून म्हणाली. "पण तिथं रोज टेस्ट घेतात."

"जा बाळा," सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

प्राचार्य महालिंगप्पांनी आपल्या परीनं धीर दिला. पोरीचं नाव पटावर राहतंय, तुकडी कुठं जात नाही. आता वर्गात जायची दगदग कशाला, सकाळी सही करून घरी जात चला, म्हणाले.

संध्याकाळी भाकरी थापता थापता दीपमालानं विचारलं, "उद्या डबा किती वाजता पायजे?"

खरं सांगायला सरांची जीभ रेटेना.

"रोजच्याच वेळेला," ते म्हणाले. "पहिला तास हाय माझा."