ओल

सबस्टेशनचे साहेब त्या सकाळी उशी, जेवणाचा डबा आणि जाडजूड कादंबरी घेऊन आले. मोठा ट्रान्सफॉर्मर बंद करून आतल्या कागदी इन्सुलेशनची तपासणी करायची, म्हणजे दिवस गेलाच. यंत्र आत एकेक लहर सोडणार, प्रत्येक मागच्या लहरीपेक्षा संथ. कागदाला धरलेली ओल सापडते ती त्या संथ लहरींनाच, म्हणून वाट बघणं आलं. साहेबांना ते आवडायचंही.

यंदा तपासणीला मुख्य कचेरीतून आली ती त्यांचीच लेक, नवं यंत्र घेऊन.

"या मॅडम," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "चहा सांगू?"

"आधी काम, बाबा."

तिने वायरी जोडल्या, बटण दाबलं. साहेब सावलीत उशी टेकवून बसले, चष्मा पुसू लागले.

"झालं," लेक म्हणाली.

"काय झालं?"

"तपासणी. हे यंत्र सगळ्या लहरी एकदमच सोडतं. कागद ओला आहे, बाबा. चालू करू नका."

"अगं, ओल आहे की पाहुणी? दारातूनच 'आले हं' म्हणाली?" साहेबांना हसू आलं, पण पटेना. हा ट्रान्सफॉर्मर त्यांनी पोटच्या पोरासारखा सांभाळलेला. "जुन्या पद्धतीने कर. मग बघू."

लेक वाद घालत बसली नाही. जुनं यंत्र जोडलं, साहेबांची उशी घेतली आणि गाढ झोपली. साहेबांनी कादंबरी उघडली खरी, पण पान काही उलटेना. पडद्यावर एकेक ठिपका उमटायचा, तो नेमका लेकीच्या नव्या यंत्राने काढलेल्या रेषेवर. उन्हं कलली तेव्हा त्यांनी तिला हलवलं.

"तुझंच खरं गं."

मग मुख्य कचेरीला फोन लावला. पलीकडून वरचे साहेब ओरडले, "खात्री आहे?"

"दोनदा केलीय. एकदा पोरीच्या घाईने, एकदा माझ्या हट्टाने. याला सुकवावंच लागेल."

"मग तो कोपऱ्यातला राखीव ट्रान्सफॉर्मर जोडा!"

साहेबांनी फोन ठेवला. लेक केस बांधत त्यांच्याकडे बघत होती.

"मी इतकी वर्षं उगाच बसून काढली म्हणायची," ते पुटपुटले.

"उगाच कशाला? तुमचा निकाल कधी चुकला नाही. फक्त मुक्कामाला यायचा."

साहेब खळखळून हसले, उठले आणि स्वतःच वायरी गुंडाळू लागले.

"चल, उजेड आहे तोवर राखीवही बघून टाकू."

"बाबा, मला भूक लागलीय!"

"डबा आहे की! तू खा, बटण मी दाबतो."