संत्र्याला सत्तर टक्के ब्लॉकेज

बोरगाव मेघेच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग लग्नासारखाच पडला होता. आत स्टेजवर नवरा-नवरीच्या जागी एक गुबगुबीत खुर्ची होती. तिच्या मागे भिंतभर पडदा, आणि पडद्यावर माणसाचं काळीज धडधडत होतं.

खुर्चीत किराणावाले मधुकरराव बसले होते. त्यांच्या बोटाला चिमटा लावलेला, चिमट्याची वायर गालिच्याखाली गेलेली. डॉ. प्रवाहनाथांनी माइक तोंडाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ॐ प्रवाहाय नमः." लगेच पडद्यावर एक लाल नळी उमटली. नळीत काळे काळे गठ्ठे. "सत्तर टक्के ब्लॉकेज," असा आवाज घुमला आणि अख्ख्या हॉलने श्वास रोखला. मग खुर्ची गुणगुणू लागली, कुठूनसा शंख वाजला, आणि ते गठ्ठे चहातल्या गुळासारखे विरघळत गेले. "वीस टक्के." मधुकरराव डोळे पुसत उठले आणि आपल्याला दम लागत नाही हे दाखवायला हॉलला एक चक्कर मारून आले. टाळ्या पडल्या.

प्रवाहनाथांनी वर पांढरा कोट घातला होता, खाली भगवी लुंगी. वरून डॉक्टर, खालून महाराज. बोलणंही तसंच. "मी तीन शास्त्रं शिकलो," ते सांगत होते. "इंजिनिअरिंग म्हणालं, नळ तुंबतो. बिझनेस म्हणाला, बाजार तुंबतो. हृदयविज्ञान म्हणालं, रक्त तुंबतं. मी तिघांना एका टेबलावर बसवलं. म्हटलं, अरे भावांनो, तुमचं दुखणं एकच आहे. नळ, गल्ला, काळीज, सगळा प्रवाहच. यावर आपला रिसर्च पेपर आहे. इंटरनॅशनल."

तो पेपर मोठा करून, फ्रेम करून स्टेजच्या कडेला उभा केला होता आणि त्याला झेंडूचा हार घातला होता. रांगेतली माणसं जाताना फ्रेमला हात लावून तो हात कपाळाला लावत होती.

तिसऱ्या रांगेत मांडीवर लेकीला, रुचिकाला घेऊन बसलेल्या रक्षाला हे पाहून हसू यायला हवं होतं. ती इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होती. लिंबू-मिरचीला ती हसे, उताऱ्यावरचा नारळ उचलून घरी आणून त्याची चटणी करणारी म्हणून तिची माहेरी ख्याती होती. पण हार घातलेल्या त्या पेपरापुढे तिला हसू येईना. कारण त्या जर्नलच्या त्याच अंकात तिचाही पेपर होता.

ते जर्नल तिच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच अंकात पुलाचं काँक्रीट, दुकानदारीचं शास्त्र आणि हृदयाची झडप गुण्यागोविंदाने नांदत. पैसे भरले की आठवडाभरात 'उत्कृष्ट, बदल नको' असा अभिप्राय येई. बढतीसाठी पेपर लागतात, आणि अडीच वर्षांच्या मुलीची आई पेपर लिहिणार केव्हा? तर ती निजल्यावर, एका हाताने पाळणा हलवत. रक्षाचा पेपर कपाशीच्या शेतातला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर होता. त्यात 'क्षेत्रीय चाचणी यशस्वी' असं एक दमदार वाक्य होतं. ते क्षेत्र म्हणजे तिच्या गच्चीतली तुळशीची कुंडी. कपाशीने तिला पाहिलं नव्हतं आणि तिने सेन्सर घेऊन कपाशीला.

महिनाभरापूर्वी तिचे सासरे अण्णाजी आष्टीहून त्यांच्याकडे राहायला आले होते. जिना चढताना छातीत दुखायचं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि अँजिओग्राफीसाठी उद्याचा सोमवार दिला. अण्णाजी संत्र्यांच्या बागेत हयात घालवलेला माणूस, सापाला भ्यायचे नाहीत, पण त्या तपासणीच्या टेबलाला भ्याले. तेवढ्यात शेजारच्या कोकिळाबाईंनी प्रवाहनाथांची खबर आणली. टेबल नाही, सुई नाही, आणि वर गोळ्याही बंद, कारण गोळी म्हणे प्रवाहाला बांध घालते.

अण्णाजींनी सुनेला विचारलं. घरात पेपरवाली तीच. रक्षा तेव्हा रुचिकाला वरण-भात भरवत होती. तिने डाव्या हाताने मोबाइलवर पेपर उघडला, जर्नलचं नाव वाचलं आणि तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आलेख होते, तक्ते होते, खाली संदर्भांची लांबलचक शेपटी होती. "पेपर तर आहे, मामाजी," ती म्हणाली. पुढे 'पण' असा एक शब्द तिच्या मनात होता. तेवढ्यात रुचिकाने वरणाची वाटी उपडी केली आणि तो 'पण' पुसायच्या फडक्याबरोबर मोरीत गेला.

अण्णाजींनी त्याच संध्याकाळी गोळ्यांची डबी कपाटावर टाकली. सासूबाई विमलाबाई दोनदा ती खाली घेऊन आल्या, दोनदा ती परत वर गेली. "सून शिकवते इंजनेरांले," ते म्हणत, "तिले समजत नाई का?" रक्षाला बोलायला हवं होतं. पण तो पेपर खोटा म्हणावं तर आपला कसा खरा म्हणायचा, या विचारापाशी तिचं तोंड मिटे. अंधश्रद्धा म्हणजे लिंबूच असतं असं नाही, हे तिला कळत होतं, वळत नव्हतं.

आता अण्णाजींचा नंबर लागला. ते कधीच रिकाम्या हाताने कुणाकडे जात नसत, दवाखान्यातसुद्धा संत्री घेऊन जात. आजही आंबिया बहाराच्या संत्र्यांची पिशवी घेऊन ते खुर्चीत बसले. मंत्र झाला. सत्तर टक्के. शंख. वीस टक्के. अण्णाजींचा चेहरा उजळला. त्यांनी माइकवर सांगून टाकलं, "मी सोमवारी जात नाई. आता कायले जाऊ?"

रक्षा उठली. तशी रुचिका मांडीवरून सुटली. पिपाणीचे बूट पिक्-पिक् वाजवत ती आजोबांकडे स्टेजवर धावली. अण्णाजी चिमटा काढून खुर्चीच्या हातावर ठेवून उठत होते. सकाळपासून मोठी माणसं जे करताना तिने पाहिलं होतं तेच तिने केलं. पिशवीतलं एक संत्रं खुर्चीत बसवलं आणि त्याच्या देठाला चिमटा लावला.

पुढचा नंबर कोकिळाबाईंचा होता. गुडघ्यांमुळे त्या अजून स्टेजची पहिलीच पायरी चढत होत्या. प्रवाहनाथ लोकांकडे तोंड करून उभे. सवयीने त्यांनी डोळे मिटले आणि मंत्र म्हटला.

पडद्यावर लाल नळी आली. काळे गठ्ठे आले. संत्र्याला सत्तर टक्के ब्लॉकेज निघालं.

हॉलमध्ये मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रवाहनाथांनी वळून पाहिलं, पण गडी मुरलेला होता. "पाहा," ते म्हणाले, "संत्र्यातही रस वाहतो. जिथे रस तिथे प्रवाह. बाळाने आज मोठं ज्ञान दिलं." आणि खरंच, पुढच्या दोन रांगांनी माना डोलावल्या. मधुकररावांनी तर हात जोडले.

माना डोलताना पाहून रक्षाला आपलं कॉलेज आठवलं. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना ती दर जूनमध्ये एकच गोष्ट घोकून घेई. मीटर काय दाखवतो ते नंतर पाहा, आधी तो कशालाच जोडलेला नसताना काय दाखवतो ते पाहा. इतकी वर्षं पगार घेऊन जे शिकवलं ते तिच्या लेकीने संत्र्यावर करून दाखवलं होतं, आणि बाई हार घातलेला पेपर बघत बसल्या होत्या.

ती स्टेजवर गेली. संत्र्याचा चिमटा काढला, रुचिकाच्या पायातला एक बूट काढून त्याला लावला.

"ताई, यंत्राचा अपमान होतोय," प्रवाहनाथ म्हणाले.

"बुटानं काय अपमान होते जी?" पायरीवरून कोकिळाबाई म्हणाल्या. "पाहू द्या न तिले. मलेबी तेवढाच दम खाऊ द्या."

रक्षाने माइक घेतला. मंत्र तिला पाठच झाला होता. "ॐ प्रवाहाय नमः," ती म्हणाली.

पडद्यामागच्या माणसाला मंत्र कोण म्हणतंय याच्याशी काही घेणं नव्हतं. शब्द ऐकला की बटण दाबायचं, एवढंच त्याचं काम. नळी आली, गठ्ठे आले, पिपाणीच्या बुटाला सत्तर टक्के ब्लॉकेज निघालं, शंख वाजला आणि बूट बरा झाला. रक्षाने वायर ओढली. ती गालिच्याखालून सुळ्ळकन निघून आली. दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं, नुसती गाठ मारलेली होती.

"हा पिक्चर आहे," रक्षा म्हणाली. "भरून ठेवलेला. सगळ्यांना तोच दिसतो. खुर्चीत मालीशची मोटर आहे. वाटेल त्यानं येऊन बघावं."

लोक स्टेजकडे सरकले. या गडबडीत प्रवाहनाथ पंगतीत वाढपी जातात त्या दाराने निघाले होते, पण तिथे मधुकरराव उभे राहिले. एकदा हॉलभर चक्कर मारून झाल्यामुळे त्यांना चांगलाच दम लागला होता, म्हणून ते दारातच बसले. पोलीस येईपर्यंत उठले नाहीत.

अण्णाजी मात्र जागचे हलले नव्हते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मंग तो पेपर?" त्यांनी हळूच विचारलं. "तूच तं म्हणे, पेपर आहे म्हणून."

माइक अजून रक्षाच्या हातात चालूच होता. बंद करायचं तिच्या मनात आलं, आणि मग तिने तो तसाच राहू दिला.

"आहे, मामाजी. माझाही आहे, त्याच अंकात. मी कपाशीवर लिहिला आणि चाचणी केली तुळशीच्या कुंडीवर. लिहिता लिहिता रुचिकानं कीबोर्डवर हात आपटला. सात-आठ क आणि ढीगभर ल उमटले. मी पुसायला विसरले. ते तसेच छापून आले, इंटरनॅशनल. वर लिहून आलं, उत्कृष्ट, बदल नको. तो कुणी वाचलाच नाही. माझा वाचला नाही तर यांचा कोण वाचणार? हे मला इतके दिवस माहीत होतं. पण माझा पेपर वाचवायला मी तुमच्या गोळ्या कपाटावर राहू दिल्या."

अण्णाजींनी बूट चिमट्यातून सोडवला. मग त्यांनी वाकून तो नातीच्या पायात घातला. "म्हंजे आमच्या घरात दोन लेखिका," ते म्हणाले. "आन त्यातली लहान जास्त हुशार." पिशवी उचलून ते पायऱ्या उतरू लागले. "चाल पोरी. गोळीची वेळ झाली."

सोमवारी ते दवाखान्यात गेले, अर्थात संत्री घेऊन. तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी त्यांना पडद्यावर त्यांचीच रक्तवाहिनी दाखवली. एका जागी ती दोऱ्याएवढी बारीक झाली होती. अण्णाजींनी ती निरखून पाहिली, पिशवीतून संत्रं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "डाक्टरीणबाई, राग नका येऊ देजो. पयले हे याच्यावर लावून दाखवा."

रक्षाला खुर्चीखाली लपावंसं वाटलं. पण डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी संत्रं हातात घेऊन फिरवलं. "याचा फोटो काढला तर आत फोडी दिसतील, बिया दिसतील, ब्लॉक दिसणार नाही," त्या म्हणाल्या. मग एक्स-रेत दिसणारं औषध कुठून सोडलं, ते कसं पुढे गेलं, कुठे अडलं आणि तिथे स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी का घालावी लागेल हे सगळं त्यांनी बसून समजावलं. आधीच्या पेशंटचा पडदाही दाखवला, नाव झाकून. तो वेगळा होता. अण्णाजींनी दोन्ही पडदे पुन्हा पुन्हा पाहिले. "टाका स्टेंट," ते म्हणाले.

आता ते जिना चढतात, मधल्या पायरीवर थांबतात ते फक्त रुचिकाने थांबवलं तर. रक्षाने बढतीच्या अर्जातून तो पेपर काढला. बढती लांबली. सेन्सर मात्र आष्टीच्या बागेत गेला आहे आणि तो फार चुकतो असं दिसतं आहे. तिने तेही लिहून ठेवलं आहे.

लिंबाला हसणं सोपं असतं. फ्रेम केलेल्या कागदाला, पडद्यावरच्या आकड्याला, पांढऱ्या कोटाला प्रश्न विचारणं अवघड जातं, आणि आपलं नाव त्यात छापलेलं असलं तर फारच. तरी विचारावं. ज्याला खरं ठाऊक असतं तो प्रश्नाने चिडत नाही, खुर्ची ओढून समजावतो. आणि कुणी चिडलाच, तर घरात संत्रं असतंच.