गेल्या वर्षी दोरा ओवलेली माणसं

उंद्रीच्या मैदानात त्या अमावस्येला पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी, बाया मांडवाच्या बल्ल्यांना टेकलेल्या, पोरं कडुनिंबावर चढलेली. आणि हे सगळं कशासाठी? तर एक माणूस सुईत दोरा ओवणार होता.

हसू नका. सुईबाबांचा चमत्कार एवढाच होता आणि तो बघायला आसपासचे तालुके लोटत. बाबा हवेतून अंगारा काढत नसत की पेटता कापूर गिळत नसत. असल्या खेळांना हल्ली शाळेतली पोरंही हसतात, हे कळण्याइतके ते धूर्त होते. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, जे वर्षानुवर्षं डोक्याच्या गोळ्या खातात आणि ज्यांचे हात थरथरतात, असेच रोगी ते घेत. रोगी आला की आधी गोळ्यांचं पाकीट मागत, डोळ्यांजवळ नेऊन निरखत आणि त्यावरून म्हणे बाधेची जात ओळखत. बाकीच्यांना "वो अपना काम नई" म्हणून वाटेला लावत. लोकांना यातही नम्रपणा दिसे. लोकांचं काय, बाबा शिंकले तरी त्यांना त्यात मंत्र ऐकू येई.

"हात काऊन थरथरते?" कॉलरला लावलेल्या माइकमधून बाबा विचारत होते. "कारण का हातावर दुसरंच कोणी बसेल हाय! तुमी त्याले गोळ्या चारून राह्यले, अन् ते पोसून राह्यलं! गोळी बंद, तं त्याचा दानापानी बंद! समझे क्या?"

"समजलं बाबा!" मैदान गरजलं.

मागे उभ्या असलेल्या काजलला मात्र काही समजत नव्हतं. चिखलीच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. आईचा निरोप आला म्हणून सुट्टी काढून आली होती आणि समोर स्टेजवर तिचे वडील उभे होते.

वामनराव शिलाईचं काम करत. काजल लहान असतानाच मशीनच्या खडखडाटातून कोणीतरी त्यांना नाव घेऊन शिव्या देऊ लागलं. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्यांनी शिव्या थांबल्या, पण हात थरथरू लागले. शिवणाऱ्याचा हात थरथरला की काज वाकडं, टीप वाकडी आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात. शेवटी मशीनवर मनकर्णाबाई बसल्या आणि नवऱ्याच्या वाट्याला उसवणं आलं. जुन्या कपड्यांच्या शिलाया ते दिवसभर उसवत बसत.

"शिवणारा माणूस मी," ते म्हणत, "अन् लोकाईचं उसवून राह्यलो."

म्हणून मनकर्णाबाईंनी त्यांना बाबांकडे आणलं होतं. आदल्या अमावस्येला गोळ्यांची पाकिटं तांब्याच्या घंगाळात बुडवून झाली. महिनाभराचं पथ्य मिळालं: गोळी घ्यायची नाही, डॉक्टरचं तोंड पाहायचं नाही. लेक अडवेल म्हणून तिला कळू दिलं नव्हतं.

बाबांनी सुई पुढे केली. वामनरावांनी दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली. दोरा पहिल्याच फटक्यात आरपार गेला.

मैदान जयजयकारानं दणाणलं. आई रडत होती. वामनरावांनी गर्दीत लेकीला हुडकलं आणि सुई उंच धरली.

"पाह्य व काजल! हात पाह्य माहा! दगडासारखा!"

"जाय आता," बाबा म्हणाले, "पण मागं वळून पाहू नको. गुण आला का या मांडवात परत पाय ठेवायचा नाई. ठेवला तं बाधा दुप्पट!"

पुढचे काही आठवडे खोटे नव्हते. वामनराव पहाटे उठून मशीनवर बसत. त्यांनी मनकर्णाबाईंना हिरवं पोलकं शिवलं. बाह्यांची टीप आखल्यासारखी सरळ होती. गावातल्या बाया कापड घेऊन परत येऊ लागल्या. गोळ्या सोडल्याचं काजलला आता कळलं होतं, पण तिनं त्यांचं नाव काढलं की वामनराव ओवलेली सुई पुढे धरत. मग ते मशीनशी बोलू लागले. मग म्हणाले, शिलाईत कोणीतरी शिव्या भरून ठेवल्यात. एका दुपारी त्यांनी घरातलं होतं नव्हतं ते सगळं शिवलेलं उसवलं. हिरवं पोलकंही.

मनकर्णाबाई धावत उंद्रीला गेल्या. बाबांच्या चेल्यानं फाटकातच अडवलं.

"पथ्य मोडलं असन, माय. अन् तुले परत याले मनाई होती नं?"

वडिलांना दवाखान्यात न्यायला काजल गाडी घेऊन पोचली, तेव्हा घर उघडं होतं. वामनराव अनवाणीच चिखलीच्या रस्त्याला लागले होते. कोणीतरी त्यांना बोलावत होतं. धुक्यात ट्रकवाल्याला ते दिसले नाहीत.

तेरवी झाल्यावर काजल वडिलांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर धम्मरत्न तिच्याच वयाचे होते.

"हात थरथरतो असं ते मला कधी बोलले नाहीत," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतं?"

"नाही. आवाज येतात का, झोप लागते का, एवढंच विचारायचो. बाहेर रांग असते. ते कपडे शिवायचे, हे मला आज तुमच्याकडून कळतंय."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. सगळं ऐकून काजलनं विचारलं, "हे उंद्रीत येऊन सांगाल?"

पुढच्या वर्षी त्याच मैदानात, त्याच मांडवात दोघं उभी राहिली. या वेळी घंगाळासमोर मोताळ्याच्या केसरबाई होत्या, सोबत त्यांचा लेक हर्षल. हर्षल मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. हात थरथरायचा, बारीक स्क्रू जागेवर बसत नसत आणि मालकानं त्याला नुसतं काउंटर पुसायला लावलं होतं. बाबांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं, निरखलं आणि मान डोलावली.

"बुडव माय. पुढच्या अमावस्येले तुहा पोरगा याच सुईत दोरा ओवन!"

"बाबा!" काजलचा आवाज चढला नाही, पण पोचला. "गेल्या वर्षी इथं दोरा ओवलेल्यांपैकी एकाला तरी स्टेजवर बोलवा."

बाबा हसले. "वो सब सुखी हय, बेटी. बुलाने का नियम नई."

"एक मी सांगते. माझे वडील. तुमच्या सुईत त्यांनी पहिल्या फटक्यात दोरा ओवला. ते गेले."

पुढे बसलेल्या बाया वळून तिच्याकडे बघू लागल्या.

"पथ्य मोडलं असन," बाबा म्हणाले.

"पथ्य एकच होतं. गोळी सोडायची. ते त्यांनी पुरतं पाळलं."

डॉक्टर धम्मरत्न पुढे आले. "ऐका. या गोळ्यांनी काहींचे हात थरथरतात. तो गोळीचा त्रास आहे, हातावर कोणी बसलेलं नसतं. गोळी सोडली की काही आठवड्यांत थरथर जाते, सुस्ती जाते. माणूस बरा झाल्यासारखा वाटतो. पण आजार तिथंच असतो. तो सावकाश परततो आणि परततो तेव्हा हे बाबा भेटत नाहीत. त्या मधल्या काळात हे तुम्हाला सुई दाखवतात. म्हणून तर मागं वळून पाहायची मनाई!"

"झूट!" बाबा ओरडले. "हा बाधेचा मामला हाय!"

"मंग माही बाधा काऊन नाई काहाडली?" मागून एक कापरा आवाज आला. म्हातारे किसनराव काठी टेकत उभे राहिले. त्यांचा हात नुसता हलत होता. "तीन खेपा आलो तुह्याकडं. मी म्हणलं, म्हातारपणानं हालते, गोळीबिळी काही खात नाई. तूनं परत पाठोलं."

"बाबा," काजल म्हणाली, "बाधा ओळखता ना तुम्ही? मग पाकिटावरचं नाव कशाला वाचता? या आजोबांना सुई द्या. आत्ता."

बाबांनी किसनरावांकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं आणि माइकवर एवढंच निघालं, "वो... अपना काम नई."

कुठल्यातरी पोरानं झाडावरून खिदळून विचारलं, "मंग काहाचं काम हाय बे तुहं?" आणि वर्षभर जयजयकार करणारं मैदान हसायला लागलं. गर्दीला तेवढंच लागतं. काल पायावर डोकं, आज खिदळणं. काजलला त्या हसण्याचाही राग आला.

केसरबाईंचा हात अजून घंगाळावर होता. हर्षल हळूच काजलजवळ आला.

"ताई, तुमचं पटते. पण मले काम करायचं हाय. गोळी खाल्ली का हात जाते, सोडली का डोकं जाते. मंग मी करू काय?"

उत्तर डॉक्टरांनी दिलं. "आत्ता बोललास ते दवाखान्यात येऊन बोल. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते, थरथरीवर वेगळं औषध असतं. सगळं ठीक होईल असं वचन देत नाही. पण काय काम करतोस ते मी आधी विचारीन."

हर्षलनं आईच्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि खिशात ठेवलं. केसरबाईंनी पदरानं कोरडा हात उगीचच पुसला.

आता हर्षल दुपारपर्यंत दुकानात बसतो. स्क्रू बहुतेक बसतात. काही दिवस तो उठूच शकत नाही, त्या दिवशी मालक कुरकुरतो. हा चमत्कार नाही, त्यामुळे बघायला कोणी ट्रॉली भरून येत नाही. मनकर्णाबाईंनी हिरव्या पोलक्याचे तुकडे जोडायला घेतले होते. नवऱ्याच्या टिपेची भोकं कापडावर तशीच होती. त्याच भोकांतून सुई घालत त्यांनी ते पुरं केलं. घालत मात्र नाहीत.

सुईबाबांनी उंद्री सोडली. जालन्याकडे कुठं मांडव पडलाय म्हणतात. तिथं सुईऐवजी दुसरं काही असेल. तुमच्या घरात कोणाचा हात गोळीनं थरथरत असेल, तर तो हात डॉक्टरला दाखवा आणि त्या हातानं काय काम करायचं आहे तेही सांगा. डॉक्टर विचारत नसेल तर त्याला विचारायला लावा. आणि मांडवात कोणी बरा झालेला माणूस दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच म्हणा: हा नको, गेल्या वर्षीचा दाखवा.