गयासभाईंचं फ्रीव्हील

मास्तरकीतून सुटलो आणि साखरेनं मला धरलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून मी सायकल धरली. साधीसुधी नाही, एकवीस गिअरची, चंदेरी, दोन्ही चाकांवर चकचकीत मडगार्ड. दोन वर्षांत मोर्शी झालं, चांदूर रेल्वे झालं, आणि अकोल्यात भेटेल त्याला मी किलोमीटर ऐकवू लागलो. बायको म्हणायची, साखर परवडली, पण हे किलोमीटर आवरा.

अशा माणसाला कोणीतरी शेरास सव्वाशेर भेटावंच लागतं. मला तेल्हाऱ्याचे गयासुद्दीन भेटले. वय पासष्ट, अंगानं काडी, सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान. त्यांची स्वतःची सायकल काळी, जुनी आणि मडगार्डाशिवायची.

त्या रविवारी मी त्यांच्या दुकानात गेलो, तर ते ‘बेटा’वर निघाले होते. एका बाजूला नदीचं वळण, दुसऱ्या बाजूला नाला, मध्ये उंचवट्यावर तीस-चाळीस घरं. पावसाळ्यात चहूकडून पाणी. नाल्यावरचा रपटा, म्हणजे तो बुटका फरशीपूल, उघडा असेल तरच जायचं. तिथल्या पोरी सायकलनं नऊ किलोमीटरवरच्या शाळेत जातात, आणि सायकल बिघडली तर बेटावर पंक्चर काढणाराही नाही. म्हणून गयासभाई दर पावसाळ्यात दोन-तीनदा जातात.

या वेळी आचल नावाच्या नववीतल्या मुलीचा फोन आला होता. तिचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं साखळी बसते ते दातेरी चक्र, गेलं होतं. पायडल नुसतं फिरायचं, चाक जागचं हलायचं नाही. आठवडाभर ती सायकल ढकलत अंधारात घरी येत होती. शेवटी वडिलांनी, खुशालरावांनी, निकाल दिला. सोमवारी सायकल चालली तर शाळा, नाही तर मोर्शीला मामाकडे, संत्र्याच्या बागेत कामाला. बोंडअळीनं दोन वर्षं कपाशी खाल्ल्यापासून खुशालरावांचं सगळंच एक घाव दोन तुकडे झालं होतं.

"मीही येतो," मी म्हणालो.

गयासभाईंनी माझ्या सायकलीकडे पाहिलं. "या मास्तर. पन हे मडगार्ड काढून ठेवा. आपल्या मातीत नाई चालत."

"गयासभाई, ही सायकल डोंगर चढते!"

मडगार्ड मी काढले नाहीत. पँट पांढरी होती. वर उदार होऊन म्हणालो, तुमचं काहीतरी ओझं मला द्या. त्यांनी नव्या फ्रीव्हीलची पिशवी माझ्या हँडलला अडकवली.

डांबरीवर मी पुढे होतो. मग तीन किलोमीटरची पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, लागली. रात्री पाऊस झालेला, आणि माती आमची काळी. शंभर पावलांत चाक जड झालं, दोनशेत थांबलं. पोळीत पुरण ठासावं तसा मडगार्डात चिखल ठासला. गयासभाईंच्या हँडलला बाभळीची काडी खोचलेली होती. ते दोन मिनिटं थांबत, काडीनं चाक खरवडत आणि पुढे निघत. मी सायकल खांद्यावर घेतली. जिनं मला न्यायचं, तिला मीच नेत होतो, आणि आमदारापासून ढगापर्यंत सगळ्यांना शिव्या घालत होतो.

रपट्यावर घोटाभर पाणी होतं. पाण्यानं चाक धुऊन निघेल म्हणून मी सायकल खाली टेकवली आणि ढकलायला जोर लावला. अडकलेलं चाक शेवाळावरून घसरलं, मी आडवा झालो आणि पिशवी नाल्यात गेली.

गयासभाईंनी आधी मला धरलं, मग सायकलीला. मग कमरेएवढ्या पाण्यात उतरून अर्धा तास हातांनी गाळ चाचपला. काही मिळालं नाही. वर येऊन विचारलं काय, तर "मास्तर, लागलं तर नाई ना?" त्यापेक्षा त्यांनी एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं.

बेटावर आचल अंगणात सायकल धुऊन पुसून वाट पाहत होती. मी झालेलं सांगितलं. तिनं हातातलं फडकं तेवढं घट्ट धरलं. बाजेवरून खुशालराव म्हणाले, "झालं मंग. मी सांगतलंच होतं."

"माझ्या सायकलीचं काढा!" मी ओरडलो.

"तुमचं काईच याले बसत नाई, मास्तर," गयासभाई म्हणाले, आणि त्यांनी स्वतःची सायकल उलटी केली.

कोणाला विचारलं नाही, कोणाकडे पाहिलं नाही. स्वतःचं फ्रीव्हील काढलं, आचलच्या चाकाला बसवलं आणि शेवटचा पाना तिच्या हातात दिला. "आवळ. उद्या मी नसन इथं." मी चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. असं शिकवणं मला जमलं नव्हतं, हे त्या अंगणात मी मान्य केलं.

"अन तुमी कसे जान, चाचा?" आचलनं विचारलं.

"मास्तर हायेत ना, डांबरीवरून ओढतीन."

मास्तरांना उभं राहवत नव्हतं.

"सायकल झाली, पन त्या पांदणीचं काय?" खुशालराव म्हणाले. "एकटी पोट्टी त्या गाऱ्यातून कशी जाईन?"

आचलनं सायकल वळवली. "बसा चाचा."

गयासभाई कॅरिअरवर बसले आणि एका हातानं आपली बिनफ्रीव्हीलची सायकल बाजूनं चालवत निघाले. पोरीला पांदणीचा इंचन्‌इंच ठाऊक होता. गवताची कड कुठे टणक आहे, कुठे उतरून ढकलायचं, कुठे पुन्हा बसायचं. मागून मी, आणि माझ्यामागे माझी चंदेरी सायकल खांद्यावर घेऊन खुद्द खुशालराव. त्यांची नजर पुढच्या सायकलीवरून हलली नाही.

डांबरीवर पोचलो तेव्हा आचल धापा टाकत होती आणि हसत होती. गयासभाई उतरले. त्या दोघांकडे पाहून माझे दोन वर्षांचे किलोमीटर कोणाला सांगायची मला लाज वाटली.

खुशालरावांनी माझी सायकल खाली ठेवली. बांधावरच्या बाभळीची एक काडी मोडली, पोरीच्या सायकलीपाशी उकिडवे बसले आणि मागचं चाक खरवडू लागले. चाक मोकळं फिरल्यावर त्यांनी ती काडी तिच्या हँडलला खोचली.

"हे उद्या संगं ठेवजो," ते म्हणाले.