गोमेला आग्रह

औंढ्यात प्रेमाकाकूंच्या पंगतीला बसायचं तर माणसानं सकाळपासून पोट रिकामं ठेवावं, असं नागनाथाच्या देवळापासून बसस्टँडपर्यंत सगळे सांगायचे. वर्षानुवर्षांचे ओळखीचे यात्रेकरू त्यांच्याकडे जेवायला उतरत आणि उठताना भिंतीला धरून उठत. काकूंचं गणित सरळ होतं. पहिलं 'नको' रीत म्हणून असतं, दुसरं लाजेपोटी, आणि तिसरं कानावर पडेपर्यंत पोळी ताटात पडलेली असते. मुलाच्या, चिन्मयच्या लग्नाची बोलणी करायला व्याही आले तेव्हा त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर काकूंनी त्या हातांवरच साजूक तूप वाढलं. सोयरीक तिथंच पक्की झाली म्हणा ना.

सून आली ती मात्र वेगळीच निघाली. जान्हवी परभणीची, वसमतच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. ती कधी 'नको' म्हणायचीच नाही. वाढलेलं मुकाट्यानं संपवायची, ताट उचलायची, सात वाजताची बस गाठायची. काकूंना आधी आनंद झाला, मग हळूहळू काळजी वाटू लागली. दहा महिने झाले, पोरगी काही मागत नाही, रुसत नाही, हट्ट करत नाही. घरात सून आहे की पाहुणी, हेच कळेना.

त्या फेब्रुवारीत, दोन हजार तीन साली, तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं. संध्याकाळी बसमधून उतरून आली ती दाराबाहेरच थांबली. हातात किराणा दुकानात बिस्किटांसाठी ठेवतात तसली चौकोनी काचेची बरणी.

"आई, हिला आत आणू का?"

काकूंनी बरणीत पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकल्या. आत वीतभर लांबीची, काळपट तांबडी गोम होती. जान्हवीच्या एका विद्यार्थ्याला, रत्नपालला, हळद काढताना शेतात सापडली होती. कॉलेजच्या कपाटात स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायला त्यानं आणली, आणि जान्हवीला काही ते करवलं नाही.

"मी कधी पाळलेली नाही," ती म्हणाली. "पण जमेल असं वाटतं."

काकूंच्या अंगावर काटा आला होता. तरी 'नाही' म्हणायला तोंड उघडेना. दहा महिन्यांत पोरीनं मागितलं ते हे! "आण," त्या म्हणाल्या, "पण स्वयंपाकघरात नको."

बरणी मधल्या खोलीत कोनाड्यात बसली. तळाला चार बोटं माती, वर कुंडीचं एक खापर, पाण्याला लोणच्याच्या बाटलीचं झाकण. चिन्मयनं लांबूनच नमस्कार केला आणि तो त्या खोलीत जायचा बंद झाला. काकूंनी मात्र दुसऱ्याच दिवशी विचारलं, "खाते काय ही?" आणि उत्तराची वाट न पाहता वाटीत दूध आणलं. नागाला दूध ठेवणारं गाव ते, गोमेला काहून नाही? दूध तसंच राहिलं. मग दहीभात झाला, केळ्याची चकती झाली.

"आई, ती किडे खाते," जान्हवी संकोचून म्हणाली. "झुरळं वगैरे. जिवंत."

"आपल्या घरात?"

देवस्थानच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले काकूंचे यजमान मार्तंडराव वर्तमानपत्रामागून म्हणाले, "तिची मुंज झालेली नाही अजून. खाऊ द्या."

मार्चमध्ये जान्हवीला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी औरंगाबादला जावं लागलं. जाण्याआधी तिनं कागद लिहून कोनाड्याला चिकटवला. आठवड्यातून एकदा, शनिवारी, एकच झुरळ. दुसऱ्या दिवशीपर्यंत खाल्लं नाही तर काढून टाकावं. पाणी रोज.

"सांभाळाल ना, आई?" तिनं विचारलं. "दुसऱ्या कुणावर सोडवत नाही मला."

हे वाक्य काकूंनी मनात जपून ठेवलं. पोरीनं आपल्या हवाली काहीतरी केलं होतं, तिचं स्वतःचं. जीव गेला तरी चालेल, पण त्या बरणीतल्या जिवाला काही होता कामा नये.

आता मेख अशी की तो कागद त्यांना पटला नव्हता. आठवड्याला एक झुरळ? एवढ्यावर तर चिमणी जगणार नाही. ही आपल्या सुनेची भिडस्त जात, गोमेलाही तसंच शिकवते, असं त्यांना वाटलं.

झुरळांची सोय मिराबाईनं केली. ती भांड्याला यायची, आणि मोरीतलं झुरळ चिमटीत धरायला तिला काहीच वाटायचं नाही. "साऱ्या दुनियेत लोक घोण दिसली की चप्पल काढतेत," ती म्हणायची, "आन् तुमी तिला जेवू घालून राहिल्या, काकू. आता काय म्हनावं!"

पहिल्या शनिवारी गोमेनं झुरळ असं झडप घालून धरलं की काकू किंचाळल्या. पण मग बघतच राहिल्या. पुढच्या पायांनी धरून, लहान लेकरू दोन्ही हातांनी लाडू खातं तशी ती खात होती. काही टाकलं नाही. काकूंचा तिच्यावर तेव्हाच जीव जडला. खाणारं कुणीही त्यांना आवडायचं.

दुसऱ्या शनिवारी गोमेनं झुरळाकडे बघितलंही नाही.

"रीत म्हणून," काकू म्हणाल्या, आणि रविवारी काढून टाकण्याऐवजी शेजारी एक रातकिडा सोडला. चव बदलली की खाईल. सोमवारी मिराबाईनं कडब्याच्या गंजीखालचे आणखी तीन आणले, चांगले गलेलठ्ठ. "हे खाईनच बघा. मऊ असतेत." बरणीत पाच पानं मांडून झाली आणि पाहुणी खापराखाली तोंड लपवून बसली. तिचा रंग उडाला होता. खापर उचललं तरी पळेना.

काकूंना घास गोड लागेना. आपल्या घरात उपाशी कुणी राहिलं नव्हतं, आणि राहिलं ते नेमकं हे. बुधवारी सकाळी जान्हवीचा फोन आला. सगळं ठीक आहे म्हणून सांगायचं त्यांनी ठरवलं होतं.

"ती कशी आहे, आई?"

"जेवत नाही गं," काकूंचा आवाज फुटला. "चार दिवस झाले. काय काय घालून पाहिलं, तोंड लावत नाही."

"काय काय म्हणजे? आत किती आहेत?"

"पाच."

मग जान्हवी अशा आवाजात बोलली, जो त्या घरानं ऐकलाच नव्हता. "आई, आधी ते सगळे बाहेर काढा! आत्ताच्या आत्ता! ती कात टाकणार आहे. कात टाकली की अंग लोण्यासारखं मऊ पडतं तिचं. तिला तेव्हा हलता येत नाही, आणि ते किडे तिलाच कुरतडून खातील. तिला खायला नकोय. तिला फक्त एकटं सोडायला हवंय. फोन ठेवा!"

सुनेनं सासूला फोन ठेवायला सांगितलं, आणि सासूनं ठेवला.

पापड भाजायचा चिमटा घेऊन काकू कोनाड्याशी आल्या. झुरळ निघालं, एक रातकिडा निघाला, दुसरा, तिसरा. चौथा दिसेना. मिराबाई म्हणाली, "खापराखाली गेला आसंल. मी उचलू का?"

"नको. माझा घोळ मीच निस्तरते."

त्यांनी खापर उचललं. गोमेची कात डोक्याशी फाटली होती आणि आतून फिकट, ओलसर, नवं अंग अर्धं बाहेर आलं होतं. रातकिडा तिच्या अंगाला चिकटून चावत होता. काकूंनी आयुष्यात शेकडो पापड न मोडता भाजले होते. त्याच हातानं त्यांनी तो रातकिडा अलगद धरला, तिला चिमटा न लागू देता वर काढला आणि अंगणात फेकला. मग खापर जसं होतं तसं ठेवून तिथंच जमिनीवर बसल्या. एक पाय गेला होता तिचा.

"गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही," मार्तंडराव म्हणाले. आयुष्यभर ही म्हण त्यांनी बड्या लोकांच्या नुकसानीवर वापरली होती. खऱ्या गोमेवर आज पहिल्यांदाच, आणि या वेळी टोमणा म्हणून नाही.

पुढचे तीन दिवस काकूंनी काहीच केलं नाही, आणि ते त्यांना उभ्या जन्मात केलेल्या कुठल्याही कामापेक्षा जड गेलं. दिवसातून दहादा त्या कोनाड्यापर्यंत जात, हात मागं बांधून उभ्या राहत आणि परत येत. मिराबाईनं सवयीनं झुरळ पकडून आणलं तर तिलाच ओरडल्या. चौथ्या दिवशी सकाळी खापराबाहेर पोकळ, पारदर्शक कात पडलेली दिसली, आणि तिच्याशेजारी गोम, नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखी लखलखीत. कातीचा अर्धा भाग ती स्वतःच खात होती.

"घरचंच जेवली बघा," काकू म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

जान्हवी परत आली ती पिशवी खाली न ठेवता थेट कोनाड्याशी गेली. बराच वेळ वाकून पाहत राहिली. "पाय पुढच्या वेळी कात टाकली की फुटायला लागेल," ती म्हणाली. "आई, मी फोनवर फार ओरडले."

"बरं केलंस. इतके दिवस कुठं होता तो आवाज?"

जान्हवी हसली.

रात्रीची पंगत बसली. वरण, मेथीची भाजी, काळ्या मसाल्याची आमटी. जान्हवीच्या दोन पोळ्या संपल्या तशी काकूंच्या हातात तिसरी आली. आणि तेव्हा त्यांना दिसलं. पोरीचा डावा हात ताटाच्या काठापर्यंत आला, थबकला आणि हळूच मागं गेला. हा हात त्यांनी अकरा महिने रोज पाहिला होता आणि एकदाही पाहिला नव्हता.

पोळी हवेतच राहिली. "नकोय ना तुला?"

जान्हवीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. "खरं सांगू, आई? पहिल्या दिवसापासून मला दोनच लागतात."

"मग इतके दिवस चार कशा खाल्ल्यास?"

"तुम्ही वाढत होता."

चिन्मयनं मान खाली घातली. काकूंना क्षणभर लाज वाटली, मग रागही आला, आणि मग इतकं हसू आलं की पोळी डब्यात परत ठेवताना डबाच सांडायची वेळ आली. त्या घरात डब्यातून निघालेली पोळी परत डब्यात गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्या डबा झाकून गप्प बसल्या. हात मांडीवर ठेवले, नाहीतर ते ऐकले नसते.

जेवण पुढं चालू राहिलं. थोड्या वेळानं जान्हवीनं आपली रिकामी वाटी पुढं सरकवली.

"आई, आमटी आहे का अजून?"

काकू पळी शोधू लागल्या. पळी समोरच होती, तरी दिसेना, डोळे भरून आले होते. पस्तीस वर्षं त्या घरात पंगती वाढत होत्या, आणि त्यांच्याकडे कुणी मागून घेतल्याची ही पहिलीच वेळ होती. कुणाला तेवढा अवधीच त्यांनी कधी दिला नव्हता.